तांडेलांचे कॅबिनेट

आमच्या घरमालकांना लहान वस्तूंचा मनापासून तिटकारा होता. फाटकावर टांगलेली टपालपेटी त्यांनी स्वतः सागवानी फळ्यांची बनवली होती आणि तिच्यात शेजारणीची कोंबडी अंडी घालीत असे. पत्र टाकण्यापूर्वी पोस्टमनला कोंबडी उठण्याची वाट पाहावी लागे. वर्षाकाठी येणारी पत्रे नगण्य. तरीही पेटी एवढी मोठी कशासाठी, असे मी भाडेकरू म्हणून राहावयास आलो त्याच आठवड्यात विचारले. ते शांतपणे म्हणाले, "पत्रं किती यावीत ते लोकांच्या हातात हाय, अर्जवाले. पेटी केवढी टांगायची ते माझ्या हातात हाय."

'अर्जवाले' म्हणजे मी. मुरुडच्या तहसील कचेरीसमोर बदामाच्या झाडाखाली माझे टेबल असे. मूळचा मी माणगावचा; परंतु माणगावात अर्जनवीस फार झाल्याने आणि त्यांच्या भाषेचा दर्जा मला सहन न झाल्याने मी समुद्राकडे सरकलो. माझे शालेय शिक्षण परिस्थितीमुळे नववीपाशी थांबले, भाषा मात्र थांबली नाही. माझा एक अर्ज वाचून एका मोठ्या अधिकाऱ्यांनी 'हे कोणी लिहिले?' असे विचारल्याचे कचेरीतला शिपाई आजही सांगतो. कोणत्या सुरात विचारले, हे तो सांगत नाही. परंतु विचारले हे खरे.

आगरदांड्याला जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर घरमालकांचे घर होते आणि त्याची पडवी मी भाड्याने घेतली होती. त्यांची सारी उमर दिघीला जाणाऱ्या लाँचवर गेली. सारा गाव त्यांना तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणे. पुढे मोटारी पोटात घेणारी मोठी फेरीबोट आली, लाँच वाळूत ओढून ठेवली गेली आणि तांडेल घरी बसले. 'घरी बसले' हा शब्दप्रयोग त्यांच्या बाबतीत मी केवळ सोयीसाठी करीत आहे. बोट गेल्यामुळे तिच्यावर खर्च व्हायचे सगळे लक्ष आता घरावर आणि भाडेकरूवर खर्च होऊ लागले होते.

पत्नी निवर्तल्यावरही ते दहा माणसांच्या पातेल्यात एकट्याचा भात शिजवीत. चपला दोन मापे मोठ्या घेत. चपलेत पाय नुसता मावून भागत नाही, तो आत फिरला पाहिजे, असे त्यांचे मत होते. कोणतीही नवी वस्तू घरात आली की ते प्रथम तिच्यावर बसून पाहत. माझी सुटकेस त्यांनी याच रीतीने तपासली आणि ती नापास झाली. दुसरी सवय स्क्रूड्रायव्हरची. इंजिनातला बिघाड ओळखण्यासाठी स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ऐकायचे, ही बोटीवरची रीत. निवृत्तीनंतर ते याच रीतीने फ्रीज ऐकत, भिंत ऐकत. एकदा मी पडवीत एक महत्त्वाचा अर्ज लिहीत असता त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलाला लावला आणि थोडा वेळ ऐकून म्हणाले, "नुसता आवाज हाय. गाडी पुढं जात न्हाय." मी दुर्लक्ष केले.

प्रकरणाला आरंभ झाला तो जेट्टीच्या पायरीवर. शेवाळावरून पाय घसरून तांडेल पडले. दोन मापे मोठी चप्पल ही या अपघाताची साक्षीदार होती, परंतु तिच्याविरुद्ध त्यांनी एक शब्द ऐकून घेतला नाही. हाड मोडले नाही. पाय मात्र भोपळ्यासारखा सुजला. पनवेलला नोकरी करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा सूनबाईंसह धावत आला आणि पडवीत, माझ्यासमक्ष, पितापुत्रांत पुढील बोलणे झाले.

"बाबा, बस झालं आता. इथं एकटे राहू नका. पनवेलला चला. लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, सगळं सेट आहे."

"तुझ्या घरात मी मावत न्हाय."

"टू बीएचके आहे, बाबा."

"मागल्या टायमाला आलतो तेव्हा बाथरूमात वळायला गेलो तर कोपर भिंतीला आन् गुडघा बादलीला. माणसानं आंघोळ करायची का कवायत?"

"मग स्मार्टफोन तरी घ्या. रोज व्हिडिओ कॉल करा. डोळ्यांनी दिसलात की मला टेन्शन नाही."

"ज्याच्यावर बसलो तर ते मोडतं, असली वस्तू मी घेत न्हाय."

त्यांचा जुना साधा फोन तांदळाच्या पिंपात राहत असे. खाऱ्या हवेपासून तांदूळ रक्षण करतो म्हणून. तो वाजला तर तांदूळ ऐकत.

अखेर मुलाने शर्त घातली. गणपतीपर्यंत मुदत. तोवर बाबा रोज दिवेलागणीला आणि रविवारी सकाळी पडद्यावर दिसू लागले, धड बोलू लागले, तर त्यांनी खुशाल आगरदांड्याला राहावे. न दिसले, तर विसर्जनानंतर घराला कुलूप आणि तांडेल पनवेलला. सूनबाईंनी मान हलवली. तांडेलांनी समुद्राकडे पाहिले. मी ही शर्त लेखी करण्याचे सुचवले, परंतु तोवर मुलगा गाडी काढायला उठला होता.

मुलाची गाडी वळणाआड गेल्यावर तांडेल म्हणाले, "कांपूटर बसवायचा. चांगला दणकट. आपल्या हातानं."

तयार संगणक दुकानात मिळतो, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. त्यावर त्यांनी मला लाँचवरची एक घटना ऐकवली. तिचे सार असे की, दुसऱ्याने बसवलेले इंजिन भर खाडीत बंद पडते आणि बसवणारा त्या वेळी घरी जेवत असतो.

माणगावच्या बाजारात संगणकाच्या सुट्या भागांचे एक दुकान मला ठाऊक होते. गुजराती शेठजी; वडिलांच्या वेळी तेथे बियाणे आणि सुतळी मिळे. कायदेशीर सल्लागार या नात्याने मी सोबत गेलो. यंत्राचे आतले भाग निवडताना तांडेलांनी अजिबात वाद घातला नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, शेठजी काढून ठेवतील ते त्यांनी मुकाट्याने घेतले. इतक्या लहान वस्तूंविषयी मत बनवणे त्यांना कमीपणाचे वाटत असावे. मात्र हे सारे ज्यात बसवायचे त्या पेटीची, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत कॅबिनेटची, वेळ आली तेव्हा ते स्टुलावरून उठले.

शेठजींनी एक आटोपशीर कॅबिनेट पुढे ठेवले. तांडेलांनी ते एका हाताने उचलले, हलवले आणि परत ठेवले.

"पेटी कुठं हाय?"

"काका, हीच पेटी छे ना. तुमचा बोर्ड नानो, छोटा; पेटी पण नानी. एकदम बराबर."

"हिच्यात माझा हात जात न्हाय. उद्या आत काय बिघडलं तर मी बाहेरनं फुंकर घालू?"

शेठजींनी मधले काढले. त्याहून मोठे काढले. तांडेलांची नजर मात्र दुकानाच्या कोपऱ्यात गेली होती. तेथे कमरेएवढ्या उंचीचे एक काळे धूड उभे होते, एका बाजूला काच, पुढे तीन पंखे, अंगभर जाळ्या आणि भोके. त्याच्या डोक्यावर शेठजींनी लक्ष्मीची तसबीर आणि उदबत्तीचे घर ठेवले होते.

"ते?"

"ते रेवा दो, काका, राहू द्या. ते तर गेमवाला पोरगा लोकसाठी मागवला होता. एक पोरगा ऑर्डर देऊन पुण्याला निघून गेला. त्याच्यात तुमचा बोर्ड टाकला तर शोधायला लागेल."

तांडेल त्याच्यापाशी गेले. लाकूड पारखताना नावेचे बूड वाजवतात तसे त्यांनी बोटांच्या पेरांनी ते सगळीकडून वाजवले. वाकून तळ पाहिला. काचेची बाजू उघडवून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तो चहूबाजूंनी फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेले. मग त्यांनी अत्यंत आदराने तसबीर आणि उदबत्तीचे घर काउंटरवर ठेवले आणि कॅबिनेट आडवे करून त्याच्यावर बसले.

कॅबिनेट कुरकुरले नाही.

"ह्योच," तांडेल म्हणाले.

"काका, मी वेपारी माणूस छे, तरी सांगते, नका घेऊ."

"का रे बाबा?"

"एवढा मोटा घेऊन शुं करशो? आत सगळी खाली जागा राहील."

"जागा ऱ्हाते म्हणूनच घेतोय. हवा नको आत? आतल्यांनी श्वास कुठनं घ्यायचा?"

शेठजी माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी तरी समजावा." कोणी मला साहेब म्हटले की मी प्रकरणाचा साकल्याने विचार करतो. विचारान्ती मी असे मत दिले की, ग्राहकास अधिक आकारमानाची वस्तू निवडण्याचा अधिकार असून त्यास कायद्याचा कोणताही अडथळा दिसत नाही. शेठजींनी हात जोडले. मग म्हणाले, "आत लाइट पण छे. सात कलर मारते."

"बंदरावरनं दिसंल?"

"काका, दिघीवरनं दिसेल."

एस.टी.त कंडक्टरने खोक्याकडे पाहून विचारले, "काय आहे?" तांडेल म्हणाले, "कांपूटर." कंडक्टर म्हणाला, "किती जणांचा?" खोके सीटवर बसले आणि तांडेल त्याला धरून उभे राहिले. एका म्हातारीने त्यांना बसायला जागा देऊ केली, तेव्हा त्यांनी तिला सांगितले की नवी बोट पाण्यात उतरेपर्यंत तिचा धनी बसत नसतो.

जोडणीचे काम आम्ही दोघांनी केले. शेठजींनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोणती वायर कोठे, याचा नकाशा काढून दिला होता. खेरीज एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यातील चित्रांचा अर्थ मी लावीत असे. मदरबोर्ड आत बसला तेव्हा त्या विस्तीर्ण पोकळीत तो, श्रोते उठून गेलेल्या सभागृहातील वक्त्यासारखा, एकटाच भिंतीला चिकटलेला दिसत होता. तांडेलांना त्यात काहीच उणे वाटले नाही. "वाढंल," ते म्हणाले.

आणि यंत्र चालू झाले, हे मला येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. पंखे फिरले, सात रंगांचे दिवे लागले, शेजारीण पदराला हात पुसत पाहायला आली आणि 'मखर लवकर मांडलंत' म्हणून गेली. केबलवाल्याने इंटरनेटची वायर आणून दिली, पडद्यावर कॅमेऱ्याचा डोळा बसवून दिला. दुसऱ्या दिवसापासून पनवेलशी बोलणे सुरू व्हायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीवरून परतलो तो घरात राळेचा आणि गोडेतेलाचा दरवळ होता. ओटीवर नारळ फुटलेला. कॅबिनेटला हळदकुंकू. आणि त्याच्या अंगावरची झाडून सारी भोके, जाळ्या, फटी, पंख्यांची तोंडे, मागची झरोक्यांची रांग, बुजलेली. नावेच्या फळ्यांच्या फटीत तेल पाजलेला कापूस ठोकून भरतात आणि वरून राळेचा लेप देतात, तसेच काम; इतके सफाईदार की हात फिरवला तर कोठे अडखळू नये. वायरींना जाण्यापुरत्या वाटा ठेवल्या होत्या, त्यांनाही कापसाची गळपट्टी. काचेच्या झाकणाला सभोवार सायकलच्या ट्यूबची पट्टी.

"तांडेल, हे काय?"

"खारा वारा लोखंड खातो, अर्जवाले. जेट्टीचे खांब बघितलेत? कारखानावाल्यानं भोकं पाडून दिलीत. त्याला काय ठाव आपला समिंदर कसा हाय? ज्यानं त्यानं आपापल्या पाण्यापरमानं बुजवायची."

"आणि पंखे?"

"ते आतली हवा आत फिरवतील. म्हणूनच मोठी पेटी घेतली न्हाय काय? बारकीत एवढी हवा मावली नसती."

सर्व बाजूंनी विचार करता मला या युक्तिवादात दोष आढळला नाही. पावसाळ्यात माझे स्टँप पॅडसुद्धा मी डब्यात बंद ठेवतो.

पहिल्या संध्याकाळी मुलगा आणि सूनबाई पडद्यावर दिसले. तांडेलांनी धुतलेला सदरा घातला होता आणि पडवीत टांगलेली लाँचवरची जुनी घंटा वाजवून बोलण्यास आरंभ केला होता. जेवण झाले का, पाय कसा आहे, इथपर्यंत आले. तांडेल म्हणाले, "आता सूनबाईला सांग, की त्या दिवशी तिनं जे केलं," आणि पडदा काळा झाला. पंखे थांबले. सात रंग विझले.

यंत्र पुन्हा चालू होईना. बऱ्याच वेळाने झाले, तोवर पनवेल झोपले होते. सूनबाईंनी इकडे आल्या असता आंबोळ्या केल्या होत्या व त्या चांगल्या झाल्या होत्या, एवढेच तांडेलांना सांगायचे होते. परंतु ती माउली 'मी काय केलं' म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाला शिवली नाही, असे नंतर कळले.

हे रोजचे झाले. तांडेल दिसत, बोलू लागत, आणि नेमके वाक्याच्या मध्यावर नाहीसे होत. मुलगा म्हणू लागला, "बाबा, तुम्ही रोज अर्ध्यातच जाता." तांडेल म्हणत, "तुझ्याकडं बिघाड असंल. माझी पेटी घट्ट हाय." त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकले. "लई जोर करतोय आत. मेहनती हाय." काचेवर हात ठेवला तर चटका बसे, तांडेल त्यास यंत्राची तब्येत म्हणत. हळूहळू त्यांनी महत्त्वाचे वाक्य आधी बोलून घेण्याची सवय लावून घेतली, परंतु त्यांना सगळीच वाक्ये महत्त्वाची वाटत.

माझे निदान विजेच्या दाबाचे होते. मी वीज कचेरीला अर्ज लिहिला, 'अर्जदाराचे पितृसुख दररोज सायंकाळी खंडित होत असून' असा आरंभ करून. येथे अर्जदार तांडेल की त्यांचा मुलगा, याविषयी लाइनमनचा गोंधळ झाला. तरीही तो आला, त्याने दाब तपासला, तो ठीक होता, आणि जाताना तो म्हणाला, "भाऊ, हे कपाट गरम का आहे?" अर्धशिक्षित माणसाच्या शेऱ्यांकडे मी लक्ष देत नाही.

गणपती जवळ आले. तांडेल बोलून दाखवत नसत. पण लाँचची घंटा ते दोनदा उतरवून पुसताना मी पाहिले. एकदा त्यांनी मला विचारले, "पनवेलला खाडी हाय ना?"

"आहे."

"दिसते घरातनं?"

"घरातून समोरची इमारत दिसत असावी."

त्यावर त्यांनी घंटा पुन्हा टांगली.

आणि मग तो रविवार आला. सुट्टीमुळे मी माणगावला माझ्या मूळ घरी होतो. न्याहारी होते न होते तोच तांडेलांच्या मुलाचा फोन. "काका, बाबा आत्ता कॉलवर होते. म्हणाले, 'छातीत लई आवळल्यासारखं होतंय रे,' आणि कट झालं. फोन उचलत नाहीत. तुम्ही कुठे आहात?"

मी घटनास्थळी उपस्थित नसल्याने याबाबत कोणतेही विधान करू शकत नाही, असे मी त्यास कळवले. तो काहीतरी बोलला. ते लिहिण्याजोगे नाही. शेजारीण बाजारला गेलेली. तांडेलांचा फोन तांदळात वाजत राहिला आणि तांदळातच गप्प झाला. मुलगा गाडी घेऊन निघाला आणि वाटेत माणगावला त्याने मला उचलले. सूनबाई मागच्या सीटवर एक मोठी रिकामी बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सासऱ्यांचे कपडे त्यात भरून आणायचे होते, एवढेच त्या म्हणाल्या. मग आगरदांड्यापर्यंत कोणीही बोलले नाही. मीसुद्धा.

तांडेल ओटीवर बसून मासळी साफ करीत होते. अंगात त्यांचा जुना, ढगळ, शिडासारखा सदरा.

"बाबा!"

"आलात? न सांगता? थांबा, भात वाढवतो." भात वाढवण्याची गरज नव्हती; तो दहा जणांचाच होता.

"छातीत काय झालं? कधीपासून आवळतंय?"

"तुझ्या त्या शर्टात. वाढदिवसाला धाडलास तो. पुढं तेच तर सांगत होतो, तर तू गेलास." त्यांनी दोरीकडे बोट दाखवले. पनवेलहून आलेला नवा सदरा तेथे वाळत होता. "अंगाला चिकटतो. माणसानं त्यात ऱ्हायचं का शर्टानं माणसात?"

मुलगा पायरीवर मटकन बसला. सूनबाई हसू लागल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. थोड्या वेळाने मुलगा उठला, आत गेला आणि प्रथमच त्याने ते कॅबिनेट जवळून पाहिले. हात फिरवला. नखाने राळ खरवडली. आतून कापसाचा बोळा निघाला.

"बाबा, हे काय केलंय?"

"काय केलंय म्हंजे? पाणबंद केलाय."

"अहो, ही भोकं हवेसाठी असतात. बाहेरची हवा आत, आतली बाहेर. गरम होऊन बंद पडतोय तो. रोज तुम्ही याला गुदमरवताय."

"आत भरपूर हवा हाय. त्याच्यासाठीच एवढा मोठा घेतला."

"तीच तीच हवा तापते ना. सगळं काढावं लागेल."

"काढ. मग दोन पावसाळ्यांत त्याचा चुरा होईल. बुडायला बोट कोण बांधतं?"

"बुडाला तर दुसरा घेऊ."

तांडेल मासळी ठेवून उठले. एरवी संथ बोलणारे ते त्या दिवशी घाईने बोलले. "लाँच वाळूत ओढली तेव्हा त्या लोकांनी पण हेच सांगितलं. दुसरी घेऊ. दुसरी आली, पण माझी न्हाय आली. मी भोकं ठेवून नव्हतो गेलो कुठं. एक दिवस पाणी आत आलं न्हाय माझ्या बोटीत."

सूनबाईंच्या हातात ती रिकामी बॅग तशीच होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बाबा, आम्ही बोलतो तेवढ्यापुरती काच काढून ठेवली तर? बोलणं झालं की परत लावा."

तांडेलांनी त्यांच्याकडे, मग काचेकडे पाहिले. "बोटीच्या पोटावरचा फळका उघडायचा म्हंजे," ते म्हणाले. "काम झालं की मिटायचा. व्हय. असं बोटीवर करतात." मग मुलाकडे वळून, "हिला कळलं. तुला कुठल्या कॉलेजात घातला होता मी?"

त्या संध्याकाळी मुलगा परसात उभा राहून मोबाईलवरून आणि तांडेल माजघरातून पडद्यासमोर, असा प्रयोग झाला. काच काढून गोणपाटावर उभी केलेली, बाजूला टेबलफॅन. यंत्र बंद पडले नाही. तांडेल इतके बोलले की भात थंड झाला. अर्ध्यावर तुटलेली आजवरची सगळी वाक्ये त्यांनी क्रमाने पूर्ण केली. बॅग रिकामीच परत गेली आणि पुढे गणपतीतही तिचा उल्लेख झाला नाही.

त्यानंतर दिवेलागणीचा तो एक विधी झाला. तांडेल आंघोळ करीत, सदरा घालीत, काच काढीत, पंखा लावीत, घंटा वाजवीत आणि बसत. आरंभी समोर दोघे असत. विसर्जनानंतर एकटा मुलगा दिसू लागला; मग चालता चालता दिसू लागला, म्हणजे त्याचे कपाळ आणि वरचा पंखा. मग 'बाबा, मीटिंगमध्ये आहे.' मग 'ट्रॅफिकमध्ये आहे.' मग काहीच नाही. तांडेल बसून राहत. पडद्यावर त्यांना त्यांचाच चेहरा दिसे. तो ते बराच वेळ पाहत, मग उठून काच लावीत, ट्यूबची पट्टी अंगठ्याने दाबून बसवीत. मी दोनदा म्हणालो, काम असेल त्यांना. ते म्हणाले, "असंल की."

एके दिवशी काच लावून झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. "अर्जवाले, एक कागद लिहायचा."

मी नवा कागद घेतला आणि विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, प्रार्थना अशी आखणी करून भरगच्च मसुदा तयार केला. त्यात मुलाने स्वतः घातलेल्या शर्तीचा भंग स्वतःच केल्याचे मी कलमवार सिद्ध केले होते. वाचून दाखवला. तांडेलांनी शेवटपर्यंत ऐकले.

"झकास हाय," ते म्हणाले. "हे तुमच्याकडं ठेवा. आता लिहा. 'तू रोज दिसत न्हायस. मला घोर लागलाय. म्हणून मी तुझ्याकडं कायमचा ऱ्हायला येतोय. पेटी संगती आणतोय.' झालं. धाडा."

मी मोबाईलवर कागदाचा फोटो काढून पाठवला. माझ्या हस्ताक्षरातील इतका आखूड कागद दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी तांडेलांनी काच काढली आणि घंटेला हात घालण्यापूर्वीच पडदा उजळला. पनवेलला दोघेही सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेले, केस विंचरलेले. मुलगा म्हणाला, "बाबा, आलो आम्ही. रोज येऊ. बोला."

तांडेलांनी दोघांना नीट न्याहाळले.

"बरी हाय ना तुमी दोघं?"

"हो, बाबा."

"मंग झालं," ते म्हणाले आणि काच लावायला उठले.